सर्जेतात्यांची नावगल्ली

एस.टी.तून अनोळखी माणूस उतरला, की सर्जेतात्या आधी त्याची पिशवी ताब्यात घ्यायचे. पिशवी गेली की माणूस मुकाट मागे येतो. मग नावगल्लीची फेरी! पूल व्हायच्या आधी कृष्णाकाठच्या आमच्या गावात नावा बांधत. आता गल्लीत एकही सुतार उरला नव्हता, पण तात्यांना त्याचं काय!

"सरका वैनी, तुमच्या चुलीपाशी नाव उभी ऱ्हायची," म्हणत ते थेट लोकांच्या स्वयंपाकघरात शिरायचे. एकदा मुलगी बघायला आलेली मंडळी त्यांनी अशी फिरवली, की तिकडे पोहे तीनदा गरम झाले आणि नवरामुलगा लंगडत पोचला.

तात्या मूळचे म्हसवडकडचे, लग्नानंतर सासुरवाडीला येऊन राहिलेले. माणदेशात प्यायच्या पाण्याची मारामार, तिथं नाव कुठली दिसणार? त्यामुळे माहिती सगळी ठोकून दिलेली. "येका नावंत दोनशे बैलं बसायची!" पाहुण्यानं डोळे विस्फारले की म्हणायचे, "पटंना? लय झ्याक!"

बहात्तरच्या दुष्काळानंतर मी इथं मास्तर म्हणून आलो, तेव्हा माझी ट्रंकही त्यांच्या डोक्यावर गेली. माझं आजोळ वाईचं, नावा पाहिलेल्या. नाव आंब्याच्या लाकडाची असते हे ऐकल्यावर मला राहवेना.

"तात्या, सागाची असते हो."

तात्या गर्रकन वळले. "मास्तर, हळू! म्हाईत आसलं तरी माझ्या घरात गप ऱ्हावा. तेवढं करा माझ्यासाठी."

फेरी त्यांच्याच घरी संपली. बाजेवर त्यांची बायको, काकू पडलेल्या, पाय गेलेले. तात्यांनी आंबा आणि दोनशे बैलांचा पाढा सुरू केला मात्र, काकू कोपरावर रेटा देऊन उठल्या.

"आवं, काय बी काय सांगताय पावण्याला! साग! आन बैलं चार! माझ्या बानं बांधल्याती नावा, तुमी कवा बघितल्या?"

तासभर त्या हवेत फळ्या जोडत होत्या. गालांवर लाली चढली होती. तात्या उंबऱ्यावर बसून बोलणी खात होते आणि लाजून हसत होते.

निघताना मला कोपऱ्यापर्यंत पोचवायला आले. "सात वरसं झाली. येरवी भिताडाकडं तोंड करून पडती. मी बरूबर सांगितलं, तर ती कशाला उठंल?"



पुढच्या रविवारी मी आपणहून गेलो. म्हटलं, "काकू, नावेला खालून चाकं असायची म्हणे?"

"कुनी सांगितलं वो मास्तर तुमास्नी?" म्हणत काकू ताडकन उठून बसल्या.