परगावच्या बायायचं मंडळ

हटवारबाईंच्या एका मुठीत पावशेर तांदूळ सहज मावायचे. हे मी ऐकीव सांगत नाही. ते तांदूळ माझ्याच डब्यातून गेलेले आहेत.

भिलाईत येऊन मला तीन दिवस झाले होते आणि लग्न होऊन तीन महिने. आमचे हे कारखान्याच्या नकाशे काढायच्या ऑफिसात. सकाळी ते सायकलवर टांग मारून गेले, की मागे मी, दोन खोल्यांचं कोरं क्वार्टर आणि मुरमाची लाल धूळ. धूळ झाडायची, ती पुन्हा यायची, पुन्हा झाडायची. एवढीच काय ती सोबत. अशात दार वाजलं. उघडलं, तर चौकट भरून एक बाई उभ्या. हिरवं लुगडं, रुपयाएवढं कुंकू, खांद्याला कापडी पिशवी.

"मराठी ना तू?"

"हो."

"कुठची?"

"साताऱ्याची."

"हाओ. मंग सातारा, तांदळाचा डबा काढ."

मी काढला. दरोडेखोरापुढे माणूस काढतो तसाच. "मंडळाची मूठ आहे," त्या म्हणाल्या, "दर घरून हप्त्याले एक." मी आपली माझी मूठ भरली, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "हे मूठ होय? याच्यात चिमणी बी जेवाची नाही. तांदूळ तुह्ये, मूठ अध्यक्षीणबाईची. असा नियम आहे." आणि त्यांचा पंजा डब्यात शिरला.

त्या दिवसापासून माझं नाव सातारा पडलं. हटवारबाई कोणालाच नावानं हाक मारत नसत. जी जिथून आली ते तिचं नाव. एका साहेबांची बायको जोगळेकरबाई, तिला सगळी भिलाई वचकून असे. हटवारबाई तिला भर रस्त्यात "ओ पुणं!" म्हणून थांबवायच्या. स्वतः त्या गोंदियाकडच्या. लग्नात फक्त पाटावर बसताना नवऱ्याकडे पाहिलं, नंतर बघायला सवडच झाली नाही, असं त्या म्हणत. हटवार कारखान्यात कोक ओव्हनवर, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर कामाला होते. काडीसारखे आणि अबोल. मंडळाची पोती उचलायला तेवढे कामी यायचे.

मंडळाच्या पाटीवर 'भगिनी मंडळ' असं लिहिलं होतं, पण अध्यक्षीणबाई त्याला 'परगावच्या बायायचं मंडळ' म्हणत. कारखान्याच्या वसाहतीत, आमच्या सेक्टरच्या टोकाला एक रिकामं क्वार्टर मिळालं होतं. दर गुरुवारी आम्ही तिथं जमायचो. रोज सकाळी मात्र तिथं पोरं असायची. कारखान्याचं बांधकाम चालू होतं, आणि डोक्यावर घमेली वाहणाऱ्या मजूर बायका, म्हणजे रेजा, आपली पोरं तिथं आणून ठेवायच्या. दुपारी त्यांना आमच्या मुठींची खिचडी मिळायची. जोगळेकरबाईंचं म्हणणं, मंडळाचं ध्येय सांस्कृतिक असावं.

"असू दे ना," हटवारबाई म्हणायच्या. "पण खिचडीच्या मांगून. उपाशी पोट्टं भजन ऐकते का?"

मग वाईट दिवस आले. कारखान्याची पहिली भट्टी पेटून दोन-तीन वर्षं झाली होती. कोणाच्या बदल्या झाल्या, कोणाचे ठेकेदार दुसरीकडे गेले. तांदूळ, साखर, सगळ्याला रांगा. ज्या उरल्या त्यांना अध्यक्षीणबाई रस्त्याच्या टोकाला दिसल्या, की खिडक्या लागायच्या. मीही एकदा लावली. बाहेरून आवाज आला, "सातारा, तू घरात हायेस. तुह्यी फोडणी बोलून राहिली." दार उघडावं लागलं.

तीस-पस्तीस बायकांच्या आम्ही सहा उरलो. त्यातच क्वार्टर वाटपाच्या ऑफिसातून चिठ्ठी आली. क्वार्टरांची टंचाई आहे. मंडळात दहा सभासद नसतील, तर जागा परत करावी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिथले साहेब स्वतः येऊन पाहतील.

"दहाच ना?" हटवारबाई म्हणाल्या. "दहा तं मी रस्त्यानं उचलून आणते."

आणि उचलून आणल्या. शेजारची राजमंड्री आली, मागच्या गल्लीतली जालंधर आली. त्यांना मराठी येत नाही, हे जोगळेकरबाईंनी लक्षात आणून दिलं. "मंडळ परगावच्या बायायचं आहे," उत्तर आलं. "राजमंड्री का सेक्टरात आहे?"

या न्यायानं त्या एक दिवस रशियन इंजिनिअरच्या बंगल्यात शिरल्या. मला बळंच बरोबर नेलं होतं. आत एक गोरी, गोल चेहऱ्याची बाई एकटीच पत्ते लावत बसली होती. हटवारबाई तिच्यासमोर मांडी घालून बसल्या आणि अस्सल गोंदियाच्या मराठीत, पण खूप मोठ्यानं बोलू लागल्या. मोठ्यानं बोललं की परकी भाषा कळते अशी त्यांची ठाम समजूत होती. "मंडळ! समजलं? बाया! पोट्टे! खिचडी!" त्या बाईनं चहा आणला. यांनी तो बशीत ओतून प्यायला. मग तिनंही बशीत ओतला. तासाभरानं आम्ही उठलो, तेव्हा ती दारापर्यंत हटवारबाईंचा हात धरून आली.

"बाई, तिला काही कळलं नाही," मी रस्त्यात म्हटलं.

"बह्याड आहे का तू? ते दिवसभर स्वतःशीच पत्ते खेळून राहिली. तिले समदं कळलं."

अशा नऊ झाल्या. दहावी मिळेना. संक्रांत चार दिवसांवर आली. गुरुवारी आम्ही तीळ निवडत बसलो होतो, तेव्हा सुकवारो नातीला न्यायला आली. सुकवारो म्हणजे एक म्हातारी रेजा, रोज कुरुद गावाहून चालत यायची. हटवारबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं.

"का वो, तू आमच्या मंडळात येते का?"

जोगळेकरबाई म्हणाल्या, "अहो, पण ती इथलीच आहे. तुमचाच नियम ना, परगावची पाहिजे म्हणून?"

नियम खराच होता. हटवारबाई पहिल्यांदाच अडकल्या. त्यांनी सुकवारोलाच विचारलं, मोडक्यातोडक्या हिंदीत, "तेरा घर किधर था?"

सुकवारोनं खालच्या फरशीकडे बोट केलं. "एही मेर रिहिस, बाई." म्हणजे इथंच होतं. मग हात फिरवून दाखवलं, खिडकीबाहेर नळ होता तिथं आंब्याचं झाड, पलीकडे त्यांचं धानाचं शेत. कारखान्यासाठी सगळा गाव उठला.

"म्हणजे घर सोडून जावं लागलं," हटवारबाई म्हणाल्या.

म्हातारी हसली. "मैं कहाँ छोडेंव? घरेच ह मोला छोड के चल दिस."

मी कुठं सोडलं? घरच मला सोडून गेलं. ती नातीचा हात धरून उभी होती. आम्ही सगळ्याजणी तिच्या घरात पाय पसरून तीळ निवडत बसलो होतो. मी पाय जवळ घेतले. जोगळेकरबाईंनीसुद्धा.

"सातारा, वहीत लिही," हटवारबाई म्हणाल्या. "दहावी. भिलाई."

एवढ्यावर थांबल्या असत्या तर त्या हटवारबाई कसल्या! संक्रांतीच्या आदल्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, हळदीकुंकू सुकवारो लावेल. घरची बाई ती. आपण पाहुण्या. पाहुणीला कुंकू घरची बाई लावते.

जोगळेकरबाई ताडकन उठल्या. "रेजाच्या हातून? आम्ही? मग तुमचं मंडळ तुम्हांला लखलाभ!"

"मंग नवाच राहातीन," हटवारबाई शांतपणे म्हणाल्या. "जागा जाईन तं जाईन."

मला त्यांचा भयंकर राग आला. इतकी वणवण करून दहा जमवल्या, आणि एका कुंकवासाठी सगळं घालवायचं? पोरांनी मग बसायचं कुठं? मी तसं बोललेही. त्या तिळाची परात उचलून घरी गेल्या.

संक्रांतीला सुकवारो धुतलेलं लुगडं नेसून आली. हातात करंडा घेऊन अशी बावरून बसली होती, जणू करंडा चोरीचा आहे. सुरुवात कोणी करेना. शेवटी रशिया उठली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, हे आमचं नशीब. चर्चमध्ये वाकतात तशी ती म्हातारीपुढे गुडघे टेकून वाकली आणि कपाळ पुढे केलं. सुकवारोनं कुंकू लावलं, ते नाकावर सांडलं, आणि दोघी हसल्या. मग राजमंड्री गेली, जालंधर गेली, मी गेले. तेवढ्यात दारात जोगळेकरबाई दिसल्या. पैठणी नेसून, तोंड फुगवून. "मी फक्त पोरांच्या जागेसाठी आलेय," असं त्यांनी सर्वांना ऐकू जाईल असं सांगितलं आणि म्हातारीपुढे बसल्या.

सर्वांत शेवटी हटवारबाई. आल्या, बसल्या, पाट करकरला. सुकवारोनं हळद लावली, कुंकू लावलं. मग तिनं त्यांच्या त्या भल्यामोठ्या चेहऱ्याला दोन्ही हात लावले, नीट निरखून पाहिलं आणि काळजीनं म्हणाली,

"अब्बड दुबरा गे हस, बेटी. मइके नइ जास का?"

फार रोडावलीस गं, माहेरी नाही का जात?

राजमंड्रीला जालंधरनं भाषांतर करून सांगितलं. आम्ही सगळ्यांनी पदर तोंडात कोंबले. हटवारबाई आणि रोड! आता त्या काहीतरी फटकारतील म्हणून मी वाट पाहत होते. पण त्या लहान पोरीसारख्या आवाजात म्हणाल्या, "जेवते ना, बाई. जेवते मी." आणि म्हातारीच्या खांद्यावर त्यांनी डोकं टेकलं. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

हसू जागच्या जागी थांबलं. भिलाईत सगळ्यांत आधी आलेली मराठी बाई म्हणजे त्या. शेजारच्या दुर्गहून गोंदियाची गाडी रोज सुटायची. इतक्या वर्षांत आपण कोणीच त्यांना तो प्रश्न विचारला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. पुढं एकदा हटवारांनीच सांगितलं, बाईंना जन्म देताना आई गेली, वाढवलं काकांनी, आणि लग्नानंतर तिकडून साधं पत्रही आलं नाही.

साहेब आले, तेव्हा त्या तशाच होत्या. साहेबांनी दारातूनच बायका मोजल्या, वहीत टिपलं आणि जागा मंडळाकडेच राहील असं सांगितलं. मग इकडेतिकडे पाहून मला विचारलं, "तुमच्या अध्यक्षा कुठं आहेत?"

मी म्हटलं, "माहेरी गेल्यात. येतील इतक्यात."