दहा मोजा

पैज लागली ती बिल्डिंगच्या पायरीवर, रविवारी सकाळी, दात घासून झाल्या झाल्या. एका बाजूला विम्याच्या पॉलिस्या विकणारे रेडिओकाका. बाजारात उभे राहिले तर भाजी घ्यायला आलेला माणूस भाजी विसरून पॉलिसी घेऊन घरी जाईल, असा त्यांचा आवाज. दुसऱ्या बाजूला तळमजल्यावरची टेलरबाई. तिच्या तोंडात कायम दोन टाचण्या असतात, आणि तरीही तिचं बोलणं स्पष्ट कळतं.

भांडणाचं कारण दुसऱ्या मजल्यावरचा कर्नल. हा काही फौजेतला नव्हे. वय चौतीस, चालताना हात फौजेसारखे हलवतो म्हणून कर्नल. त्याची बुद्धी इतरांपेक्षा सावकाश चालते. नवी गोष्ट शिकायला त्याला वेळ लागतो, पण एकदा शिकला की विसरत नाही. अशा मोठ्या माणसांना आपापलं आयुष्य आपणच चालवता यावं म्हणून मदत करणाऱ्या एका संस्थेच्या केसवर्कर ताई त्याच्याकडे यायच्या. फुलझाडांच्या नर्सरीत त्याला काम मिळालं होतं. पण बसने एकट्याने जाता आलं तरच. सोमवारपर्यंत ते जमलं नाही, तर नर्सरीवाली दुसरा माणूस बघणार होती. थोरली बहीण तर आधीच "नकोच ते" म्हणत बसली होती.

त्या सकाळी कर्नल पायरीवर उभा असताना रेडिओकाकांनी त्याच्या बहिणीला विचारलं, "काय गं, चहा झाला का याचा?"

ताई तिथेच होत्या. म्हणाल्या, "काका, त्यांनाच विचारा की. आणि विचारल्यावर मनात दहा मोजा. उत्तर येतं."

"दहा मोजायचे? एवढंच तुमचं काम?" काका हसले. "दोन वर्षं बघतोय मी. तुम्ही याच्या मागे मागे चालता आणि गप्प बसता. हे तर कोणीही करेल!"

"तुम्ही?" टेलरबाईने टाचण्या काढल्या. काम गंभीर होतं. "तुम्ही दहा मोजेपर्यंत गप्प बसाल?"

"आजच्या आज याला नर्सरीत नेऊन आणतो. त्याच्याऐवजी एक शब्द बोलणार नाही!"

"बोललात तर दुपारी अंगणात खुर्चीवर अर्धा तास मुक्याने बसायचं. सगळ्यांसमोर."

"आणि नाही बोललो तर तू माझ्या नावाने तीनदा ओरडायचंस, 'काका ग्रेट'!"

मध्येच फोनवरून ताईंना विचारायची सोय नको, म्हणून टेलरबाईने काकांचा मोबाइल शिलाई मशीनच्या खणात टाकला. बहिणीचा चेहरा पडला. ताईंनी मात्र कर्नलकडे वळून विचारलं, "तुम्हाला चालेल? काकांबरोबर?"

सगळे थांबले. कर्नलने वर बघितलं, खाली बघितलं. सातव्या-आठव्या आकड्याला तो म्हणाला, "चालेल. पण ते खूप बोलतात."

स्टॉपवर उभं राहून पाच मिनिटं झाली नाहीत, तोच काकांना दम निघेना. सात नंबरची बस येत नव्हती. सतरा आली.

"चल चल, चढ!"

"सात," कर्नल म्हणाला.

"अरे, सतरापण तिकडेच जाते. मी इथे फिरत होतो तेव्हा तू चड्डीत होतास!"

कर्नलने खिशातून कार्डांचा जुडगा काढला. ताईंनी करून दिलेली चित्रं होती ती. पहिल्याच कार्डावर भला मोठा सात. पण तोपर्यंत काकांनी त्याला दंडाला धरून आत ओढलं होतं. कंडक्टरने कर्नलला विचारलं, "कुठे जायचंय?" कर्नलने तोंड उघडलं, आणि शेजारून काकांचा आवाज आला, "शेवटच्या स्टॉपची दोन द्या!"

पैज काका तिथेच हरले होते. काकांना ते कळलंही नाही. ते शेजारच्या माणसाला म्हातारपणीची सोय समजावून देण्यात गुंग झाले होते. सतरा नंबरचा रस्ता कधीचा बदललाय, हे त्यांना शेवटच्या स्टॉपवर उतरल्यावर समजलं. समोर नर्सरी नव्हती. डेपोतलं बस धुण्याचं आवार होतं. पाइपातलं पाणी काकांच्या बुटांपर्यंत आलं.

मोबाइल मशीनच्या खणात. बहिणीचा नंबर पाठ नाही. पोराची नोकरी आपल्या जिभेने घालवली, आता त्याची बहीण आपल्याला कच्चं खाणार! काका सरळ कंट्रोल रूमच्या खिडकीवर जाऊन आदळले.

"साहेब, आम्ही चुकलो, म्हणजे मी नाही, रस्ताच बदललाय, आणि सोमवारी याला कामावर, फोन तर खणात, टाचण्यांजवळ, म्हणजे टेलरबाईने..."

खिडकीतल्या बाईंनी घामाघूम काकांकडे बघितलं. मग मागे शांत उभ्या असलेल्या कर्नलला हळू आवाजात विचारलं, "यांना केव्हापासून असं होतंय?"

"बसमध्ये चढल्यापासून," कर्नल म्हणाला.

"पाणी देऊ का यांना?"

"त्यांनाच विचारा," कर्नल म्हणाला. "मग दहा मोजा."

बाई समंजस होत्या. "काका, पाणी हवंय?" त्यांनी एकेक अक्षर सुटं करत विचारलं आणि बोटं मोजू लागल्या.

"अहो, मला काही झालेलं नाही! मी विमा..."

"तीनच झाले," कर्नलने सांगितलं.

काकाही बाईंच्या बोटांकडे बघायला लागले. तेवढ्यात कर्नलने शेवटचं कार्ड काढलं. त्यावर तीन चित्रं होती: थांबलेला माणूस, गणवेशातला माणूस, आणि कार्ड दाखवणारा हात. त्याने कार्ड उलटून नर्सरीचा पत्ता खिडकीत धरला. "इथे जायचंय. सात नंबर."

"तिसऱ्या फलाटावर उभी आहे बघा. आणि यांना सांभाळून न्या हं."

"नेतो," कर्नल म्हणाला, आणि त्याने काकांचा दंड धरला.

सात नंबरच्या बसमध्ये काका खिडकीपाशी मुकाट्याने बसले. तिकिटं कर्नलने काढली. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "काका, कुठे उतरायचं?" आणि तो थांबला. थांबला तो थांबलाच. काका बाहेर बघायला लागले. दुकानं गेली, शाळा गेली, मग एक निळी पाण्याची टाकी दिसली. काकांनी कर्नलच्या हातातल्या कार्डाकडे बघितलं. तीच टाकी. "इथे?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"बरोबर," कर्नल म्हणाला.

ताईंनी सकाळीच कळवलं होतं, त्यामुळे नर्सरीवाली स्टॉपसमोरच्या फाटकातच उभी होती. "उशीर झाला?"

"काका चुकले. मी आणले."

अजून उभ्या असलेल्या बसच्या मागच्या दाराने आणखी एक प्रवासी उतरला. हातात वर्तमानपत्र, आणि त्यामागे ताई.

"तुम्ही? सतरामध्येही होतात?" काकांचा आ वासला.

"शेवटच्या सीटवर. तुम्ही मागे वळून बघितलंच नाहीत."

"मग बोलला का नाहीत?"

"मोजत होते," ताई म्हणाल्या. "दहाच्या बरेच पुढे गेले. कंट्रोल रूमपाशी तर बाकावरून उठलेच होते, पण कार्ड निघालं आणि परत बसले. काका, यांना बसमध्ये चढता-उतरता येत होतं. बस चुकली तर काय करतील, तेवढंच बघायचं राहिलं होतं, आणि मुद्दाम चुकवायला माझा जीव होईना. तुमच्यावर मात्र माझा पूर्ण भरवसा होता."

घरी आल्यावर बहिणीने सगळं ऐकलं. दोनदा ऐकलं. मग कर्नलला विचारलं, "सोमवारी एकटा जाशील?" आणि ताईंकडे न बघता थांबली.

"जाईन," कर्नल म्हणाला. "सतरात नाही बसणार."

दुपारी चार वाजता अंगणात खुर्ची मांडली गेली. तिन्ही मजल्यांचे कठडे माणसांनी भरले. टेलरबाई घड्याळ आणि कात्री घेऊन समोर बसली. कुणी विचारलं, "काका, पॉलिसी काढायची म्हणतोय, कोणती चांगली?" काकांचे डोळे बाहेर आले, गळ्याची शीर फुगली, पण ओठ मिटलेले. वीस मिनिटं झाल्यावर काकू वरून म्हणाल्या, "अर्धा तास फार कमी ठेवलात हो!"

एवढ्यात कर्नल वाफाळता चहा घेऊन आला. अगदी समोर उभा राहिला. "काका, चहा पाहिजे?"

काकांचं तोंड उघडलं. टेलरबाईची कात्री वर झाली. तोंड मिटलं.

कर्नलने कप डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताच्या बोटांची पेरं मोजायला लागला. सगळं अंगण त्याच्याबरोबर मोजत होतं. आठ. नऊ. काका कपाकडे बघत होते. दहा.

"नकोय त्यांना," कर्नलने सगळ्यांना सांगितलं, आणि काकांच्या शेजारी बसून, मोठ्ठा भुरका मारत, चहा पिऊन टाकला.