कलत्या घरांचे आठ फोटो

ओळंबाकाकांनी सोमवारी सकाळी दाढी करता करता ठरवलं, की सहलीच्या फोटोंतले लाडके आठ फोटो मोठे करून बैठकीच्या खोलीत लावायचे. बस, एवढंच. यापेक्षा मोठे निर्णय माणसं रोज घेतात आणि सुखाने जेवतात. पण काकांचं साधं काम साधेपणाने पार पडलंय, असं आजवर कुणी पाहिलेलं नाही.

काकांचं खरं नाव आता पगाराच्या कागदावरच उरलं आहे. ते बांधकामावर सुपरवायझर. भिंत सरळ आहे की नाही हे बघायचा ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं ते लोखंडी वजन, कायम त्यांच्या खिशात. बत्तीस वर्षांत त्यांनी एक वाकडी भिंत उभी राहू दिली नाही. बोटभर कलली तरी "पाडा!" मग गवंडी कितीही गयावया करोत. (मुलगी बघायला गेले तेव्हा त्यांनी आधी दाराची चौकट निरखली आणि मग आपल्याकडे पाहिलं, असं काकू अजून सांगतात.)

पण अलीकडे चष्म्याचा नंबर वाढला आणि साइटवर कुजबुज सुरू झाली, काकांची नजर गेली. ही कुजबुज मालकांच्या कानावर गेली. नव्या सातमजली इमारतीचं काम काकांकडे ठेवायचं की मालकांच्या जावयाकडे द्यायचं, हे अजून ठरत नव्हतं. तेवढ्यात मालकांचा फोन आला, "रविवारी चहाला येतो. तुमच्या सहलीचे फोटोही बघू."

"फोटो कसले बघतायत!" काका काकूंना म्हणाले. "माझे डोळे बघायला येतायत. बघू दे. चांगले मोठे करून दाखवतो."

सहल झाली होती ती कालव्यांच्या एका जुन्या शहरात. गल्ल्यांच्या जागी पाणी, आणि पाण्याच्या दोन्ही अंगांना उंच, अरुंद घरं. चिखलात लाकडी खांब ठोकून चारशे वर्षांपूर्वी बांधलेली. खांब खचले तशी घरं कलली. एक शेजारच्याच्या खांद्यावर मान टाकून पेंगतंय, तर दुसरं पाण्यात वाकून आपलं तोंड बघतंय. पहिल्याच दिवशी काकांनी खिशातून ओळंबा काढून एका घराला लावला. वरच्या खिडकीतून घरमालकीण बघतच राहिली. काकूंनी त्यांना बाहीला धरून ओढत नेलं. त्यानंतर काकांनी नुसते फोटो काढले, नऊशे फोटो. प्रत्येक वेळी पाण्याची रेघ बिनचूक आडवी येईपर्यंत काकू पुलावर हसरा चेहरा करून उभ्या. गाल दुखून आले बिचारीचे.

शनिवारी स्टुडिओतून आठ फ्रेमा आल्या. काकूंनी पहिलीवरचा कागद सोडला आणि किंचाळल्या, "अहो, मी काय झिंगले होते का?"

फोटोत घर ताठ उभं होतं. पण कालवा घसरगुंडीसारखा उतरत होता, होडी खाली सुटली होती आणि पुलावर काकू तिरक्या होऊन हसत होत्या. आठही फोटोंत तेच.

काका तसेच स्टुडिओत.

"हे काय केलंत?"

"सरळ केलं, काका," स्टुडिओवाले खुशीत म्हणाले. "सगळी घरं वाकडी आली होती. वयानुसार हात कापतो माणसाचा. मी कुणाला बोललो नाही. कॉम्प्युटरवर एकेक घर उभं केलं."

"माझा हात कापत नाही! घरंच वाकडी आहेत!"

"असं कोण बांधेल, काका?"

"पाणी बघा की! पाणी कधी तिरकं उभं राहतं का?"

स्टुडिओवाल्यांनी फोटो हातात घेतला, मान डावीकडे कलवली, उजवीकडे कलवली. "पाण्याचं माझ्या लक्षातच आलं नाही. पण काकू छान आल्यात."

"बत्तीस वर्षांत माझं काम सरळ करायची कुणाची छाती झाली नाही! होते तसे द्या. आत्ता."

रविवारी सकाळी मूळचे फोटो भिंतीवर लागले. काकांनी स्वतः खिळे ठोकले, लेव्हल लावून. मग अंघोळीला गेले, आणि तिथेच घात झाला. फोटो बघायला मेव्हणे आले, त्यांनी वाकडं घर ताठ दिसेपर्यंत एक फ्रेम हळूच सरळ केली. मेव्हणीने दोन केल्या. शेजारच्या बाईंनी जाता जाता उरलेल्या पाच. (बाईंचा हेतू अगदी चांगला होता, हे इथे मुद्दाम लिहून ठेवते.) काका टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले, तर आठ फ्रेमा आठ दिशांना, आणि दारात मालक. मागे जावई.

मालकांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा काकांकडे. आवाज खाली आणून म्हणाले, "काका, दमलात हो तुम्ही. आता आराम..."

"आराम नंतर!" काका गरजले. "आधी हे बघा!"

त्यांनी फ्रेमा धडाधड जागेवर आणल्या. मग ओळंबा काढून एकेका फोटोवर सोडला. "ही दोरी. हे पाणी. पाणी दोरीला काटकोनात आहे की नाही? पुलावर आमची ही सरळ आहे की नाही? आता घर बघा. चारशे वर्षांचं घर कललंय, माझी नजर नाही! या जावईबापू, मोजा!"

जावयांनी मोजपट्टी लावली. एक फोटो, दोन फोटो, आठही. केसभर फरक नाही. काकूंची मान अशी ताठ झाली, की त्यांच्यावरही ओळंबा लावून बघावा.

मालकांनी फोटोला जवळजवळ नाक लावलं. "चारशे वर्षं उभी आहेत म्हणता?"

"एकही पडलेलं नाही!" काका छाती काढून म्हणाले.

"लोक राहतात?"

"राहतात म्हणजे? जागा मिळत नाही तिथे!"

"वा!" मालकांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "नवं काम तुमचंच, काका. हा मधला फोटो मात्र मला द्या. ऑफिसात लावतो."

काकांनी लाडकी फ्रेम स्वतःच्या हाताने काढून दिली. आठवडाभर ते जमिनीपासून दोन बोटं वर चालत होते.

पुढच्या सोमवारी ते ऑफिसात गेले. तिथे गेल्या वर्षी झालेल्या एका इमारतीतलं जोडपं तणतणत होतं. त्यांची गॅलरी जावयांच्या देखरेखीखाली झालेली.

"गॅलरी सरळ सरळ कललीय आमची!"

"कलली तर काय झालं?" काउंटरवरच्या बाई शांतपणे म्हणाल्या आणि भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. "ही घरं बघा. चारशे वर्षं उभी आहेत. एकही पडलेलं नाही. जागा मिळत नाही तिथे."

काका काउंटरकडे धावले. "अहो, तो फोटो त्यासाठी नाही! गॅलरी पाडा! मी सुपरवायझर आहे, मी पाडायला लावतो!"

पण त्यांचं ऐकतंय कोण? फोटोखाली मालकांनी मोठ्या मानाने पाटी लावली होती: आमच्या मुख्य सुपरवायझरांच्या नजरेतून.

नवऱ्याने पाटी वाचली. मग काकांना खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि बायकोला म्हणाला,

"चल. आता कळलं कुणाचं काम ते."