बुल्वेच्या मध्यस्थीने

सेन्तोंगोने कॅमेरा गळ्यात अडकवला, लॉजची दोन माणसांची कयाक होडी काठावरून पाण्यात ढकलली आणि मागच्या जागेवर उडी मारून बसला. पुढे बायकोची पिवळी गोमेसी, तो टोकदार खांद्यांचा पायघोळ झगा, पाठमोरी दिसली, तेवढं त्याला पुरे झालं. लॉजच्या मालकीणबाईंना दर्शनी भिंतीसाठी बुल्वे पक्ष्याचा फोटो हवा होता. पसंत पडला तर कायमची नोकरी; नाहीतर मोबाइलने बंद पाडलेल्या आपल्या स्टुडिओच्या कुलपाकडे बघत बसणं होतंच.

"काय दिवस होते, नान्तेझा!" लव्हाळ्यातून वल्हवत तो म्हणाला. "माणसं इस्त्रीचे कपडे घालून यायची, पडद्यावर रंगवलेल्या विमानापुढे श्वास रोखून उभी राहायची. आता तसं गिऱ्हाईक एकच उरलंय, बुल्वे. पापणीसुद्धा हलवत नाही. नाहीतर तुझी आई! तिचा फोटो काढायचा तर आधी तोंड मिटायला हवं."

पुढचे खांदे ताठ झाले. डोक्यावरून कापड ओढलं गेलं, आणि ते ओढणारा हात सुरकुतलेला होता.

सेन्तोंगोने वल्हं आखडलं. पुढे बसली होती ती सासू. नान्तेझा जेवणाचा डबा आणायला वर गेली होती आणि होडी वाहून जाऊ नये म्हणून आईला तिच्यात बसवून गेली होती. आईच्या अंगावर लेकीचीच जुनी गोमेसी. पण हे सांगणार कोण? त्या मुलखात सासू जावयाशी बोलत नाही, त्याला तोंडही दाखवत नाही. सासूचा नुसता धक्का लागला तरी जावयाचे हात जन्मभर थरथरतात, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. आणि फोटोवाल्याचेच हात थरथरले, तर त्याने काय शेळ्या राखायच्या?

तो होडी वळवणार, तोच समोर बुल्वे! करडा, ढिम्म, बुटासारखी चोच छातीला टेकवून उभा.

"ए बुल्वे," सासूबाई पक्ष्याला म्हणाल्या, "मागे कोणी असेल तर त्याला सांग, माझं तोंड मिटलेलंच असतं. उघडायला लावलं तर महागात पडेल."

"बुल्वेदादा," सेन्तोंगो घाम पुसत म्हणाला, "त्यांना म्हणावं, चुकलं. आणि जरा डावीकडे झुका. मधे येताय."

सासूबाई झुकल्या. होडीही झुकली. सेन्तोंगोने सावरायला हात पुढे केला, चटका बसल्यासारखा मागे घेतला आणि उजवीकडे कलंडला. होडी सरळ झाली, पण घोटाभर पाणी आत आलं.

"बघ रे बुल्वे," सासूबाईंचा आवाज मऊ झाला. "माझी नान्तेझा पहिल्यांदा त्या स्टुडिओत गेली, तेव्हा मी दाराबाहेर उभी होते. आत विमान आहे म्हणे. वाटलं, आपणही एक फोटो काढावा. म्हटलं, पुढच्या खेपेला. पुढच्या खेपेपर्यंत हा मेला जावई होऊन बसला!"

सेन्तोंगोला फार वाईट वाटलं. अख्खा गाव त्याने त्या विमानापुढे उभा केला होता, आणि ही बाई दाराबाहेरच राहिली. मग रीतभात विसरून त्याच्या तोंडून जुना, स्टुडिओतला आवाज निघाला:

"इकडे बघा! मान वर! हलू नका!"

तो आवाज न ऐकण्याची कधीच कोणाची टाप नव्हती. सासूबाई वळल्या, डोक्यावरचं कापड घसरलं, त्यांनी श्वास रोखला. आणि इतका वेळ न हललेल्या बुल्वेने नेमके त्यांच्या मागे दोन्ही पंख पसरले. सेन्तोंगोने बटण दाबलं. पक्षी उडाला. दोघंही भानावर आली आणि किनाऱ्यापर्यंत कोणी चकार शब्द काढला नाही. मध्यस्थच उडून गेला होता.

फोटो पाहून मालकीणबाईंनी टाळी वाजवली. "नुसता पक्षी सगळेच काढतात, सेन्तोंगो. ही बाई कुठून आणलीस?"

नोकरी पक्की झाली. लॉजच्या दारात पाऊल टाकलं की समोर भिंतीवर माणसाएवढ्या सासूबाई, चेहरा उघडा, नजर थेट. त्यामुळे लॉजचा फोटोवाला स्वयंपाकघराच्या दाराने कामावर येतो. रविवारी सासूबाई आपला फोटो बघायला जातीने येतात. त्या दिवशी त्याला तेही दार बंद, कारण चहा त्यांना चुलीपाशीच बसून लागतो.