पारावरचा मोठा डोळा

कासुर्डीत कुणाचा डोळा नुसता लाल झाला, तरी तो आधी हौसरावांना दाखवावा लागे! डॉक्टर नंतर. हौसराव दूध सोसायटीचे माजी चेअरमन. खुर्ची गेल्यापासून त्यांचं बोलणं ऐकायला माणसं उरली नव्हती. त्या रिकामपणात एकदा मोबाईलवर डोळ्याच्या ऑपरेशनचा व्हिडिओ समोर आला. त्यांनी तो बघितला, तसा दुसरा आला, आणि मग मोबाईलनं दुसरं काही दाखवायचंच सोडून दिलं. दोन वर्षांत हौसराव पुरते तयार झाले. सोसायटीत दुधाची फॅट लागेपर्यंत ते रांगेतल्यांना मोतीबिंदू, काचबिंदू, पडदा आणि भिंग समजावत. रांग संपली तरी ते संपत नसत.

घरी मात्र हक्काची श्रोती होती, बायको सारजाबाई. रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसून ते मोबाईल तिच्या नाकापुढं धरत.

"बघ, ही फील्ड टेस्ट. मशीनमधी तोंड घालायचं आन् ठिपका चमकला की बटण दाबायचं. कटक! काचबिंदू लई वंगाळ, सारजे. दुखत न्हाई, खुपत न्हाई. गुपचूप कडंची नजर नेतो."

"लई भारी हाय," सारजाबाई म्हणायची.

मग ती चहा करायला उठायची आणि तिचा खांदा दाराच्या चौकटीवर आदळायचा. "दार काय आज बसवलंय व्हय?" म्हणून हौसराव हसायचे. चहा कपात कमी आणि बशीत जास्त पडायचा, तेव्हाही हसायचे. शेवटी एकदा तीच म्हणाली, "डोळ्यापुढं धुरळा दिसतोय. दाखवून येऊ का?"

"मोतीबिंदू हाय तुझा. मी वळखलाय! घाई करू नको, लेसरचं नवीन मशीन येतंय. ते आलं की करू."

बायकोचा डोळा, आणि मुहूर्त काढणार हा बाबा!

एवढ्यात दौंडच्या एका धर्मादाय दवाखान्यानं शिबिर ठरवलं. गावात बस येणार आणि मोतीबिंदूवाल्यांना घेऊन जाणार. गावची आशा सेविका गौतमी उन्हातान्हात घरोघरी फिरली, म्हाताऱ्यांच्या हातापाया पडली आणि बसभर माणसं तयार केली. सारजाबाईलाही तिनंच तयार केलं. हे कळल्यावर हौसराव लेसरचं मशीन विसरले आणि त्यांच्या अंगात आलं.

"आदल्या दिवशी मी लोकांचं भ्या घालवतो. मारुतीच्या पारावर ऑपरेशनच दाखवतो!"

"आबा, तुम्ही फक्त चला म्हणा," गौतमी म्हणाली. "ऑपरेशन दाखवू नका."

"तुला ह्यातलं कळत न्हाई, गौतमी!"

हौसरावांनी एलईडी स्क्रीनची गाडी बोलावली. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला असते तीच! गाडीवाला सत्यजीत आयुष्यभर वाढदिवसच करत आलेला. त्यानं सवयीनं स्क्रीनच्या कोपऱ्यात हौसरावांचा गॉगल घातलेला, हात जोडलेला फोटो टाकला. व्हिडिओला आवाज नव्हता. ते बरं दिसेना, म्हणून त्यानं वर ढोलताशा लावून दिला!

संध्याकाळी सगळं गाव जमलं. हौसरावांनी माईक हातात घेतला आणि स्क्रीनवर डोळा उघडला. ट्रॅक्टरच्या चाकाएवढा! पापण्यांना चिमटा लागला, पातं आलं आणि ढोलाच्या ठेक्यावर सरळ बुबुळात घुसलं.

"आयो आयो आयो!" पहिली किंकाळी सोपानरावांची. हौसरावांना पाडून चेअरमन झालेला हा माणूस. खवळलेला बैल शिंगं धरून थांबवणारा! तो पारावरून उताणा खाली आला. बायांनी पोरांच्या तोंडावर पदर टाकले. काठीशिवाय पाऊल न टाकणारी जाईबाई काठी तिथंच टाकून पळाली!

"पळू नका!" हौसराव माईकवर ओरडले. "रगत येत न्हाई! आता तर भिंगाचं तुकडं करणार हायत, ते तरी बघून जावा!"

वेशीपर्यंत बातमी पोचली तेव्हा तिचं रूप पार बदललं होतं. फोटो हौसरावांचा म्हणजे ऑपरेशनही हौसरावच करणार! झालं, बसच्या यादीतलं एकेक माणूस गळालं. कुणाला ताप आला, कुणाला लेकीकडं शिक्रापूरला जायची आठवण झाली.

पार रिकामा झाला. पुढच्या सतरंजीवर सारजाबाई तेवढी मांडी घालून शांत बसली होती. हौसरावांची छाती फुगली.

"बघा! ह्याला म्हणत्यात धाडस! सारजे, तू न्हाई भ्याली?"

"कशाला भ्यायचं?" तिनं स्क्रीनकडं हात केला. "पर अवो, ती भाकर कवाची फिरतीया. अजून भाजली न्हाई व्हय?"

हौसरावांनी मागं वळून बघितलं. एवढा मोठा डोळा! आंधळ्याशिवाय कुणी भाकरी म्हटलं नसतं. त्यांनी तिथूनच हात वर केला. सत्यजीतनं ढोल बंद केला.

"सारजे, ही किती बोटं?"

"आधी तुमी कुठं हाय ते तर सांगा."

सकाळी बस आली, ती रिकामीच परत निघाली. आत फक्त सारजाबाई, हौसराव आणि गौतमी. गौतमी हौसरावांकडं पाठ करून बसली. बरोबरच केलं तिनं! हौसराव हळूच बायकोला म्हणाले, "मग रोज लई भारी हाय म्हणायचीस, ते?"

"तुमचा आवाज यायचा की. चेअरमन होता तवा माझ्याशी बोलायला तुमाला सवड नव्हती. आता रोज जवळ बसायला लागला. दिसत न्हाई म्हणलं असतं, तर उठून गेला असता."

दौंडला डॉक्टर अनुपमा मॅडमनी तिला फील्ड टेस्टला बसवलं. हौसराव पडद्याबाहेर कान देऊन उभे होते. डाव्या डोळ्याची पाळी आली. मशीन घुमत होतं. कटक काही ऐकू येईना.

"अगं, दाब की बटण!" त्यांना राहवेना. "दाखवलं हुतं ना मी तुला!"

"ठिपका आला की दाबते," आतून सारजाबाई म्हणाली. "अजून आलाच न्हाई."

थोड्या वेळानं मॅडमनी दोघांना समोर बसवलं.

"उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढू, तिकडून बरंच दिसेल. डावा मात्र काचबिंदूनं गेलाय. ती नजर आता परत येणार नाही. दोन वर्षांपूर्वी आणलं असतं तर नुसत्या थेंबांवर वाचली असती." त्या हौसरावांकडं वळल्या. "आजोबा, काचबिंदू म्हणजे काय, ते तुम्हाला नीट समजावून सांगते."

सारजाबाईनं चाचपडत हौसरावांचा हात धरला.

"राहू द्या, मॅडम," ती म्हणाली. "त्यांना समदं ठावं हाय."