टेबल सरळ, फरशी वाकडी

अंगणातला ओंडका कुणाला द्यायचा नाही, आपणच चिरायचा, हे मी एका गुरुवारी ऑफिसात चहा पिता पिता ठरवलं. माझ्या आयुष्यातले सगळे वाईट निर्णय चहा पितानाच झालेले आहेत. (चांगले निर्णय बायको घेते. ती कॉफी पिते.)

ओंडका म्हणजे आमच्या मागच्या अंगणातलं वादळात पडलेलं जुनं झाड. फांद्या लोक घेऊन गेले, पण बुंध्याला कुणी हात लावेना. आडवा पडलेला असूनही तो माझ्या छातीपर्यंत यायचा, आणि लाकूड इतकं कठीण की पहिल्याच दिवशी कुऱ्हाडीने त्याच्यावर फक्त एक ओरखडा काढला आणि स्वतःचा दांडा मोडून घेतला. वखारवाल्याने येऊन त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि हा आमच्या यंत्रात मावत नाही, जागेवरच चेनसॉने चिरा, असं सांगून तो निघून गेला.

यात माझा स्वार्थ होता. रविवारी सासरेबुवांचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता आणि त्यासाठी ते आमच्याकडे येणार होते. सासरेबुवा शाळेत सुतारकामाचे शिक्षक होते. अठरा वर्षांत त्यांनी माझ्या हातात एकदाही हातोडी दिलेली नाही. एकदा भिंतीत खिळा मारायचा होता, तेव्हा तर त्यांनी मला खोलीबाहेर उभं केलं होतं. मला एकदाच, फक्त एकदाच, स्वतःच्या हाताने केलेली लाकडाची वस्तू त्यांच्यापुढे ठेवायची होती आणि त्यांनी मान डोलावलेली बघायची होती. शनिवारी फळ्या चिरायच्या, रविवारी सकाळी टेबल जोडायचं आणि दुपारी त्यावर जेवायचं, असा माझा बेत होता. आवक-जावक विभागात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला आलेली वस्तू लगेच पुढे जाते असंच वाटतं.

चेनसॉ भाड्याने देणाऱ्याने लांब पात्याचं यंत्र दिलं, त्यावर बसवायची लोखंडी चौकट दिली आणि कसं चिरायचं ते सांगितलं. ओंडका गोल आणि खडबडीत असतो, म्हणून पहिल्या कापाच्या वेळी त्याच्या पाठीवर एखादी सरळ शिडी किंवा फळी स्क्रूने पक्की करायची. चौकट त्या फळीवरून सरकते आणि खाली पातं तितकंच सरळ कापत जातं. एकदा वरचा भाग निघाला की कापलेली सपाट बाजूच पुढच्या फळ्यांना वाट दाखवते. स्क्रू मात्र आखूड घ्या, असं तो दोनदा म्हणाला. मी सगळं लिहून घेतलं, त्याला क्रमांक दिले आणि फाइलला लावलं. फाइल ऑफिसात राहिली.

शनिवारी बायको सकाळीच पोस्टात गेली. (ती काउंटरवर असते. शनिवारी अर्धा दिवस.) मी अंगणात यंत्र मांडलं आणि पहिलं घोडं अडलं ते शिडीपाशी. आमची शिडी सरळ नाही. ती गेल्या वर्षी माझ्यासकट पडली होती. मी घरभर सरळ वस्तू शोधत हिंडलो. कपाटाचं दार फुगलेलं, पलंगाची फळी खचलेली, पडद्याची दांडी तर मीच बसवलेली. आणि मग मला सासरेबुवांचं वाक्य आठवलं. आमच्या लग्नात त्यांनी स्वतः केलेलं जेवणाचं टेबल दिलं होतं, आणि दर भेटीत ते त्यावर हात फिरवून माझ्याकडे बघत म्हणायचे, "या घरात या टेबलाइतकं सरळ दुसरं काही नाही."

मी चारही पाय सोडवले आणि टेबलाची फळी ओंडक्यावर ठेवली. अगदी मापाची निघाली.

इथे त्या टेबलाबद्दल थोडं सांगायला हवं. ते हलतं. अठरा वर्षं हलतंय. पुढ्यातल्याने पोळी तोडली की पलीकडच्याची आमटी सांडते. सासरेबुवांचं म्हणणं, टेबल सरळ आहे, तुमची फरशी वाकडी आहे. ती फरशी त्यांच्या लहानपणापासूनच्या मित्राने, गवंडीकाकांनी, घातलेली. काकांनी ती दोनदा उकरून पुन्हा बसवली, तरी टेबल हलतच राहिलं. शेवटी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं आणि तेव्हापासून दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. एका पायाखाली मी कागदाची घडी घालतो. अनेक कागद वापरून पाहिले, पण त्यातल्या त्यात बरा बसला तो एकच, ऑफिसने मला दिलेलं 'कार्यक्षम कर्मचारी' हे सर्टिफिकेट, आठ पदरी.

(या टेबलाबद्दल आणखी एक गोष्ट आहे. ती मी अठरा वर्षं कुणाला सांगितलेली नाही. आताही सांगणार नव्हतो.)

तर, फळी पक्की करायला मी घरातले सर्वांत लांब स्क्रू निवडले. लांब म्हणजे मजबूत, हे साधं गणित आहे. मग यंत्र सुरू केलं. चेनसॉ सुरू झाल्यावर माणसाच्या अंगात जे बळ येतं ते चेनसॉचं असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. भुसा उडत होता, पातं लाकडात शिरत होतं, वीतभर, हातभर, दीड हात. आता सासरेबुवा बघायला हवे होते असं मला मनापासून वाटलं. तेवढ्यात आतून कर्कश आवाज आला, ठिणग्या उडाल्या, यंत्राने एक उचकी दिली आणि ते बंद पडलं. पात्यावरच्या साखळीने स्क्रू गाठला होता.

यंत्र पुढे जाईना आणि मागेही येईना. पातं ओंडक्याच्या मधोमध रुतलेलं, मोटारीचं धूड एका बाजूला लटकलेलं. निदान टेबल तरी सोडवावं म्हणून स्क्रू काढायला गेलो, तर घाईत पिळून पिळून त्यांच्या खाचाच गेल्या. मी खाली बसून घाम पुसत होतो तेव्हा फोन वाजला. बायको होती.

"अहो, बाबा आजच आलेत. स्टँडवर आहोत, अर्ध्या तासात पोचतो. तेवढं टेबल पुसून ठेवा."

त्या अर्ध्या तासात मी ओंडक्याला लाथा मारल्या, त्याची विनवणी केली, पात्यावर खोबरेल तेल ओतलं. शेवटची पाच मिनिटं राहिली तेव्हा कपाटातून सगळ्यांत मोठा टेबलक्लॉथ काढला आणि ओंडक्यावर जमिनीपर्यंत पसरला. यंत्रावर माझा रेनकोट घातला, टोपीसकट. मधे फुलदाणी ठेवली. दुरून कुणाला तरी ते टेबल वाटलं असतं. ते टेबलच होतं.

फाटक वाजलं. मी पुढे होऊन नमस्कार केला आणि आज बाहेर मोकळ्या हवेत जेवायचं ठरवलं आहे असं सांगून टाकलं. बायकोने टेबलक्लॉथकडे पाहिलं, मग माझ्या केसांतल्या भुश्याकडे पाहिलं. अठरा वर्षांच्या संसारानंतर माणसाला नजर वाचता येते. त्या नजरेत पूर्ण परिच्छेद होता. पण वडिलांसमोर नको म्हणून तिने तो राखून ठेवला आणि आत जाऊन ताटं घेऊन आली.

अडचण उंचीची होती. खुर्चीवर बसलं की टेबल डोक्याच्या वर जायचं. हल्ली सगळीकडे उभ्यानेच जेवतात, असं मी म्हणालो. सासरेबुवा चणीने लहान. उभे राहिल्यावर त्यांची हनुवटी ताटाच्या काठाला टेकली, आणि त्यांना घास तोंडात नुसता ढकलावा लागत होता. त्यांनी रेनकोटकडे बोट दाखवून हे काय आहे विचारलं. मी कूलर म्हणालो. मग लावा की, म्हणाले. मी लाइट गेलेत म्हणालो. तेवढ्यात आत बायकोने मिक्सर लावला.

सासरेबुवांचं लक्ष मात्र भलतीकडेच गेलं होतं. त्यांनी टेबलावर हात ठेवून ते हलवून पाहिलं. मग दोन्ही हातांनी. मग खांदा लावून. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी माझ्या लग्नातही पाहिला नव्हता.

"हललं नाही," ते म्हणाले. "बघ ग, जरासुद्धा हललं नाही. मी म्हणत होतो ना, टेबल सरळ आहे. त्याच्या फरशीचा दोष होता."

आणि त्या आनंदात त्यांच्या हातून चमचा पडला. मी धावलो, पण ते आधीच वाकले होते. त्यांनी टेबलक्लॉथ उचलला आणि आत डोकं घातलं. बराच वेळ ते आतच होते. टेबलाला पाय असतात तिथे झाड पाहिल्यावर माणसाला सावरायला वेळ लागतोच.

बाहेर आल्यावर त्यांनी एकच विचारलं, "पाय कुठे आहेत?"

मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी बाथरूममध्ये लपवलेले चार पाय आणून दिले. त्यांनी ते ओट्यावर शेजारी शेजारी उभे केले, बोटांनी चाचपले, आणि एका पायाशी त्यांचं बोट थांबलं. तो इतरांपेक्षा अर्ध्या बोटाने आखूड होता.

"चारही पाय मी एका मापाने कापले होते," ते म्हणाले. "आणि माझी करवत अशी दातरलेली कड ठेवत नाही. जावईबापू, हा पाय कुणी कापला?"

आता सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात ही माहेरी गेली असताना मला टेबल हलल्यासारखं वाटलं. एक पाय लांब दिसला, म्हणून मी तो कापला. (लोखंड कापायच्या करवतीने. दुसरी नव्हती.) कापून झाल्यावर पायाच्या टोकाबरोबर सोड्याच्या बाटलीचं एक झाकणही खाली पडलं. ते पायाला चिकटलं होतं. लांब पाय नव्हता, झाकण होतं. ही परत आली, तुम्ही आलात, तुम्ही फरशीला दोष दिलात, आणि मी म्हटलं, असेल.

"असेल?" बायको दारातून म्हणाली. "दोनदा फरशी उकरली. दोन्ही वेळा मी पंधरा पंधरा दिवस बाल्कनीत स्वयंपाक केला. आणि तुम्ही म्हणालात असेल?"

सासरेबुवा ओट्यावर बसले. एकदम थकल्यासारखे दिसले. "मी त्याला आंधळा म्हणालो होतो," ते म्हणाले. "चारचौघांत. अठरा वर्षं झाली." मला तेव्हा जी लाज वाटली ती खरी होती, तिच्यात गंमत काही नव्हती. मग त्यांनी हिच्याकडे फोन मागितला. नंबर त्यांना पाठ होता.

गवंडीकाका अर्ध्या तासात आले. हातात पाणसळ होती. तिच्यात बुडबुडा असतो, तो मधे आला की जमीन सपाट. अठरा वर्षांनी मित्राला भेटायला कुणी पाणसळ घेऊन येत नाही, पण ते आधी थेट स्वयंपाकघरात गेले आणि फरशीच्या चारही कोपऱ्यांत ती ठेवून सासरेबुवांना दाखवली. बुडबुडा चारही वेळा बरोबर मधे आला. सासरेबुवांनी कान पकडले. काका म्हणाले, "चहा ठेवायला सांग." तेवढ्यावर मिटलं.

चहा पिऊन दोघांनी ओंडक्याचा ताबा घेतला. पात्याच्या मागे कापात पाचरी ठोकून पातं सोडवलं, खाचा गेलेले स्क्रू उपटले, सासरेबुवांनी कानस घेऊन साखळीच्या एकेका दाताला धार लावली. मग तीच टेबलाची फळी आखूड स्क्रूंनी परत बसवली. या टेबलाइतकं सरळ खरोखरच दुसरं काही नव्हतं. संध्याकाळपर्यंत आठ फळ्या निघाल्या, तीन तीन इंच जाड, चिरल्याबरोबर मधासारख्या चमकणाऱ्या. माझ्याकडे भुसा झाडायचं काम होतं. तेही बायकोने दोनदा पुन्हा करायला लावलं.

मी हळूच विचारलं, उद्या दुपारपर्यंत टेबल होईल ना? दोघं म्हातारे इतके हसले की काकांना पाणी द्यावं लागलं. ओलं लाकूड सावलीत रचून वाळवायचं असतं, इंचाला एक वर्ष. म्हणजे तीन वर्षांनी या.

जुन्या टेबलाचे उरलेले तीन पाय सासरेबुवांनी चौथ्याच्या मापाने कापले, चारही फळीला जोडले आणि टेबल जागेवर ठेवलं. आता ते हलत नाही.

माझ्या वाट्याला ओंडक्याचं सगळ्यांत वरचं, सालीसकटचं कवच आलं. पहिल्या कापात निघतं आणि सगळे फेकून देतात, ते. अर्धा काप तरी माझा होता, म्हणून मी ते मागून घेतलं. रात्रभर मला झोप आली नाही. सकाळी उठून त्याला चार पाय ठोकले, अंगणात बाक म्हणून मांडलं आणि वाढदिवसाच्या माणसाला हात धरून त्यावर बसवलं. शेजारी काका बसले. बाक एकदा डावीकडे गेला, एकदा उजवीकडे, आणि काकांचा चहा सासरेबुवांच्या नव्या सदऱ्यावर गेला.

"बाक सरळ आहे," मी म्हणालो. "जमीन वाकडी आहे."

काकांनी पिशवीतून पाणसळ काढली आणि जमिनीवर ठेवली. बुडबुडा बरोबर मधे येऊन थांबला. सासरेबुवांनी तो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा मान डोलावली. (मान डोलावली की बाक हलला, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.)

तेवढ्यात बायको आतून आली. तिच्या हातात ऑफिसने दिलेलं माझं सर्टिफिकेट होतं, टेबलाखालून मोकळं झालेलं. तिने ते बाकाच्या पायाखाली सरकवलं, बाक हलवून पाहिला, परत काढलं आणि त्याची आणखी एक घडी घातली.