मीठ मोजणारे टेंबेकाका

पहिल्यांदा जेवायला बोलावलं त्या दिवशी टेंबेकाकांनी खिशातून मीठ मोजायची एक छोटी दुर्बीण काढली, तिच्या काचेवर आमच्या कढीचा थेंब टाकला आणि खिडकीकडे तोंड करून ती डोळ्याला लावली.

"सूनबाई," ते गंभीरपणे म्हणाले, "या कढीत माझे मासे आरामात राहतील."

माझी बायको कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. "काका, कढीत साखरही आहे, हे यंत्र चकणार," असं तिने सांगून पाहिलं. काकांनी तिलाच कढीत पाणी घालायला लावलं.

काका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. पलासिया भागातल्या एका बँकेतून रिटायर झालेले, एकटे. हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी आणि तिच्यात पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी क्लाउनफिश. कुणी 'समुद्रातले ना?' विचारलं की काका उखडतात. "समुंदर से पकडे हुए नहीं हैं भिया! टँकमध्येच जन्मलेत. आपल्यासारखेच, समुद्र पाहिलेला नाही." दोघांतली मोठी ती मादी आणि घरात तिचंच चालतं, हेही अभिमानाने सांगतात.

टाकीचं स्टँड मात्र गुडघ्याएवढंही नाही. मासे पाहायचे तर फरशीवर फतकल मारायची, कारण समोरच्या दिवाणावर काका कुणाला बसू देत नसत. सुताराने माप चुकवलं आणि काका कबूल करत नाहीत, असं मी बिल्डिंगभर सांगत फिरलो.

मे महिन्यात एका दुपारी लाइट गेली ती गेलीच. बॅटरीवरचा पंपही बसला. पाण्यात हवा गेली नाही तर मासे गुदमरणार. मी वर गेलो तेव्हा काका वाटीने पाणी उचलून उंचावरून पुन्हा टाकीत ओतत होते. "भिया, ये नहीं जाने चाहिए," एवढंच म्हणत होते. आम्ही आळीपाळीने दोन तास पाणी ओतलं. माझी कंबर मोडली तेव्हा काका म्हणाले, "दिवाणावर पड जरा."

पडलो. कूस बदलली, तर मासे बरोबर डोळ्यांसमोर. मान उचलावीसुद्धा लागली नाही.

"तुझ्या काकूला, कुमुदला, शेवटी उठता येत नव्हतं," काका ओतता ओतता म्हणाले. "तिला समुद्र पाहायचा होता. मी दर वर्षी म्हणायचो, बँकेची क्लोजिंग होऊ दे, मग जाऊ. राहूनच गेलं. मग हा आणला."

सुताराचा तो विनोद आठवून मला माझीच लाज वाटली.

लाइट आली. टाकीत बुडबुडे उठले, मासे हलले. काकांनी पाण्याचा एक थेंब दुर्बिणीच्या काचेवर घेतला.

"पहिल्या दिवशी तिने बोट बुडवून चाखलं होतं. म्हणाली, 'अहो, मीठ जास्त झालंय.'" त्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. "तब से नाप रहा हूँ, भिया."